केकखालची नोटीस

थेमेलिस त्रिकिलिसला उंचीची भीती नव्हती. घुमटाच्या टोकाला, वाऱ्यात कुरकुरणाऱ्या परांचीवर एका पायावर उभा राहून तो संत्रं सोलायचा आणि साली खाली उभ्या असलेल्या मेव्हण्याच्या टकलावर नेम धरून टाकायचा. भीती होती ती जमिनीवरच्या माणसांची, आणि त्यातही ज्यांच्याकडून आपले पैसे यायचेत अशा माणसांची. असा माणूस समोर आला की थेमेलिसचे कान लाल व्हायचे. तो टोपी काढायचा, टोपीच्या आत बघायचा, जणू रक्कम तिथे लिहून ठेवलीय, आणि मग टोपी परत घालून म्हणायचा, "बाकी काय, घरचे सगळे बरे ना?"

हा प्रयोग तो स्वतःच करून दाखवायचा. फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्स या ग्रीक वस्तीच्या गावी, धक्क्यावर जे कॉफीचं दुकान आहे, तिथे दर शनिवारी फर्माईश व्हायची, "थेमेलिस, ते टोपीचं दाखव." आणि थेमेलिस उठून आधी देणेकरी व्हायचा, छाती पुढे काढून, मग स्वतः व्हायचा, खांदे पाडून. दुकान गदागदा हसायचं. कॉफीचे पैसे मात्र शेवटी तोच द्यायचा, कारण बाकीच्यांकडे मागणार कोण?

घरी या प्रयोगाला प्रेक्षक नव्हता. घरी सासू होती.

"अहो जावईबापू," नोमिकी म्हातारी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून सुरू करायची. 'जावईबापू' म्हटलं की समजायचं, आता सालटी निघणार. "तुमचा आजा तिकडे ग्रीसमध्ये, कालिम्नोस बेटावर स्पंजासाठी बुडी मारायचा. पाण्याला पाय लावण्याआधी मोसमाचे सगळे पैसे कप्तानाकडून वाजवून घ्यायचा. खाली मेला तरी पैसे वर! आणि तुम्ही? आधी आभाळात चढता, रंग फासून खाली येता आणि मग टोपीत बघता. आजा समुद्रात बुडाला नाही, नातू कोरड्या जमिनीवर बुडतोय."

"आई, तेव्हा समुद्र होता. आता डेल आहे," थेमेलिस म्हणायचा.

डेल म्हणजे डेल हकबी. मागच्या वादळात संत फानूरियोसच्या चर्चचं छत उडालं, घुमटाचा निळा रंग पापुद्रे धरून गळायला लागला आणि घंटाघराला भेग गेली. चर्चच्या समितीने सगळ्या दुरुस्तीचं कंत्राट डेलला दिलं. डेल उंचापुरा, गुलाबी, दात पांढरेशुभ्र. तो सगळ्या जगाला 'दोस्ता' म्हणायचा आणि त्यातला 'दो' असा लांबवायचा की तेवढ्या वेळात माणूस विसरून जायचा आपण काय विचारायला आलो होतो. छत त्याने एकाला दिलं, खिडक्या दुसऱ्याला, आणि घुमट व घंटाघराचा रंग थेमेलिसला. म्हणजे थेमेलिस झाला पोटकंत्राटदार. ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, बापाला पुरल्यानंतरचं जेवण झालं, तिथे तो आता डेलच्या खालचा माणूस म्हणून शिडी लावून उभा होता.

पहिल्या दिवशी रंगाची पिंपं आणायला तो दुकानात गेला तेव्हा वांडाने त्याला शहाणं करायचा प्रयत्न केला. वांडा दुकानाची उधारी सांभाळायची. चष्मा साखळीला, आवाज मधात बुडवलेला, आणि प्रत्येक वाक्यात 'राजा'.

"राजा, चर्चला नोटीस पाठवलीस का?"

"कसली नोटीस? अजून ब्रश ओला नाही झाला."

"तीच वेळ असते, राजा. तुझा करार डेलशी. चर्च मालक, पण चर्चला तू माहीतच नाहीस असं कायदा धरून चालतो."

"चर्चला मी माहीत नाही? माझा बाप्तिस्मा झालाय तिथे! मी त्या पाण्यात..." पुढचं त्याने सांगितलं नाही, पण नोमिकी ते आजही सांगते.

"कायदा बाप्तिस्म्याला नव्हता, राजा. कामाला हात लावल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत मालकाच्या हाती कागद पडला पाहिजे, की बाबा मी हा अमुक, तुझ्या इमारतीवर हे काम करतोय. मग उद्या डेलने बुडवलं तर तुला इमारतीवर बोजा चढवून मालकाकडून पैसे काढता येतात. कागद गेला नाही, तर तू आणि रस्त्यावरून घुमटाचा फोटो काढणारा पर्यटक, दोघांचा हक्क सारखाच. आमची नोटीस तर आज टपालात पडेल."

"तुमची? तुम्ही कशाला?"

"रंग आमचा ना. तू आमचे पैसे दिले नाहीस तर आम्ही कुणाच्या दारात रडायचं?" आणि ती इतकं गोड हसली की थेमेलिसने आणखी एक पिंप घेतलं.

पुढच्या रविवारी पूजा आटोपल्यावर सगळे कॉफीसाठी सभागृहात जमले, तेव्हा समितीचे अध्यक्ष स्तामातिस हातात तो कागद घेऊनच आले. स्तामातिसचं समुद्राकाठी मोटेल होतं. चादरीवर डाग पडला तर ते पाहुण्याकडून पैसे कापत आणि डाग तसाच पुढच्या पाहुण्याला देत. अपमान करायचा असला की ते आधी घसा खाकरत आणि म्हणत, "मी फक्त विचारतोय."

"अह्हं. मी फक्त विचारतोय, थेमेलिस. हे रंगाचं दुकान आम्हाला लिहितंय की वेळ पडली तर देवाच्या घरावर बोजा चढवू. इथे छापलंय बघ, ठळक अक्षरात: मालकाला दोनदा पैसे भरावे लागू शकतात. दोनदा! माझं नशीब, मी बसून वाचलं. मी फक्त विचारतोय, तुझी उधारी इतकी बुडीत आहे का?"

वास्तविक असा कागद म्हणजे साधी रीत. थेमेलिसला हे माहीत होतं, वांडाने चांगलं घोळून घोळून सांगितलं होतं. एक वाक्य बोलला असता तर संपलं असतं. पण सभोवार बायका कुकीजच्या ताटांसकट थांबलेल्या, म्हातारे कप अर्ध्यावर धरून बसलेले, चर्चचे पाद्री पापा-फोतिस दाढीवरची साखर झटकत बघतायत, आणि थेमेलिसचे कान पेटलेले. त्याने छाती पुढे काढली, म्हणजे शनिवारी देणेकऱ्याची काढायचा तशीच, आणि हात वर करून जाहीर केलं:

"दुकान परकं आहे. मी नाही. असला कागद थेमेलिस त्रिकिलिस या चर्चला टपालाने पाठवणार नाही, वकिलाकरवी पाठवणार नाही, कोणाच्या दारावर चिकटवणार नाही. शपथ!"

टाळ्या पडल्या. एका म्हातारीने डोळे पुसले. नोमिकीने काठी फरशीवर आपटली आणि ग्रीकमध्ये एक शब्द म्हणाली, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

"मोठेपणाच्या घोड्यावर बसायचं ठीक," घरी जाताना बायको, सेवास्ती, म्हणाली, "पण तू उलटा बसतोस, थेमेलिस. शेपटाकडे तोंड करून."

"निदान मागून कोण येतंय ते दिसतं," तो म्हणाला. गाडीत कुणी हसलं नाही. त्याला स्वतःलाही नाही.

मग काम सुरू झालं, आणि कामात मात्र थेमेलिसला नाव ठेवायला जागा नव्हती. जुने पापुद्रे खरवडले, भेगांत पुट्टी भरली, प्रायमर मारला, मग निळ्याचा पहिला हात. फ्लोरिडाच्या उन्हात घुमटाचा पत्रा तव्यासारखा तापायचा. त्याच्या हाताखाली मेव्हणा आणि आणखी एक माणूस होता. त्यांची मजुरी दर शुक्रवारी थेमेलिस आपल्या खिशातून द्यायचा. खिसा संपल्यावर व्हॅन गहाण टाकून द्यायला लागला. व्हॅनच्या दारावर बापाने स्वतःच्या हाताने नाव रंगवलं होतं.

डेलकडून पहिला चेक वेळेवर आला. दुसरा अर्धा आला. तिसऱ्याऐवजी डेलच आला.

"दोओओस्ता! काय निळा आहे रे, डोळे निवले! चेक ना? टपालात पडलाय बघ."

पुढच्या आठवड्यात: "दोओओस्ता, बँकेने सही नाकारली. माझी सहीच सुंदर आहे, त्यांना खोटी वाटते."

त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन नुसताच वाजत राहिला.

थेमेलिसने एकदा त्याला त्याच्या ऑफिसबाहेर गाठलंसुद्धा. सगळा रस्ता तो गाडीत तालीम करत गेला: डेल, माझे पैसे. डेल, माझे पैसे. समोर आल्यावर टोपी काढली, टोपीत बघितलं.

"बाकी काय," तो म्हणाला, "घरचे सगळे बरे ना?"

"एकदम मजेत, दोस्ता!" डेल म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

वांडाचा फोन आला. "राजा, आमची उधारी थकलीय. मी तुझ्यासाठी कळ काढतेय, पण वरचे लोक विचारतात. आमचा कागद वेळेत गेलाय. पैसे आले नाहीत तर आम्ही चर्चवर बोजा नोंदवू."

"म्हणजे देवाच्या घरावर बोजा, आणि तो माझ्या उधारीपायी?"

"हो, राजा. आणि तुझे स्वतःचे गेले ते गेलेच. तुझा कागद गेलाय का?"

थेमेलिसने फोनसमोरच टोपी काढली.

"राजा?"

"मी शपथ घेतलीय. टपालाने नाही, वकिलाकरवी नाही, दारावर नाही."

पलीकडे लांब श्वास. मग मध जरा पातळ झाला. "हातात दिलेला चालतो, राजा. मालकाच्या माणसाच्या हातात. पण हातातच. आणि मुदत या आठवड्यात संपतेय."

फोन ठेवून थेमेलिस स्वयंपाकघरात आला, तर तिथे संत्र्याचा रस, अक्रोड, बेदाणे आणि दालचिनीचा वास घमघमत होता. सेवास्ती फानूरियोसचा केक करत होती. या संताचं कामच ते, हरवलेलं दाखवून देणं. किल्ली हरवो, अंगठी हरवो की नवरा, अंडी आणि दूध न घालता त्याच्या नावाचा केक करायचा, सणाला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि सगळ्यांना वाटायचा. संत वस्तू दाखवतो.

"काय हरवलंय?" थेमेलिसने विचारलं.

"डेल," सेवास्ती म्हणाली.

सण त्या आठवड्यातच होता. सणाला गावातल्या बायका पन्नासेक केक आणून टेबलावर मांडतात. प्रत्येक केकच्या थाळीत घरच्यांच्या नावांची चिठ्ठी असते. पापा-फोतिस एकेक चिठ्ठी उचलून नावं गातात आणि गायक म्हणतात, "प्रभो, दया कर." थेमेलिस केककडे बघत राहिला, आणि त्याच्या डोक्यात एक दिवा लागला. असे दिवे त्याच्या डोक्यात पूर्वीही लागले होते. त्यातल्या एकापायी शेजारच्याची बोट बुडाली होती. पण त्या क्षणी त्याला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की त्याने उभ्याउभ्या एक बेदाणा तोंडात टाकला. केक, थाळी, चिठ्ठी, पापा-फोतिसचा हात! टपाल नाही, वकील नाही, दार नाही. शपथही शाबूत आणि कागदही पोचता. फादर चिठ्ठ्या नंतर शांतपणे घरी चाळतीलच, वाचतील, समजून घेतील, आणि कुणाला कळायचंसुद्धा नाही.

वांडाकडून त्याने छापील कागद आणला, काम, कंत्राटदार, जागेचा लॉट-ब्लॉक नंबर सगळं भरलं, घडी घातली, आणि सणाच्या सकाळी सेवास्तीच्या चिठ्ठीखाली सरकवून दिला.

चर्चमध्ये ऑगस्टचा उकाडा, नवी वातानुकूलन यंत्रं अजून खोक्यात. अध्यक्ष स्तामातिस दरसालप्रमाणे महिनाभर कालिम्नोसला गेलेले. थेमेलिसने थाळी स्वतः नेली आणि पापा-फोतिसनी ती त्याच्या हातून घेतली. केक खाली ठेवला, चिठ्ठी वर उचलली. एक नाही, दोन.

पापा-फोतिसचं वय झालेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पन्नास केक म्हणजे तीनशे नावं. अशा वेळी त्यांचं गाणं घाण्याच्या बैलासारखं होतं. बैल थांबत नाही. ठळक अक्षरात जे दिसेल ते नाकातून सुरात बाहेर पडतं.

"देवाचे सेवक थेमेलि-इ-इस, सेवास्ती, नोमिकी-ई..."

"प्रभो, दया कर," गायक बार्बा-मिकेस डोळे मिटून म्हणाला.

"...आणि डे-ए-एल हकबी, मुख्य कंत्राटदा-आ-आर..."

"प्रभो, दया कर."

थेमेलिसच्या पाठीतून घामाचा एक थेंब निघाला तो थेट मोज्यात पोचला.

"...घुमटाला प्रायम-अ-अर, बाहेरचा निळा, हात दोओओन..."

"प्रभो, दया कर."

"...लॉट सा-आ-त, ब्लॉक सी-ई-ई-ई..." 'सी'वर पापा-फोतिसना वरचा सूर सापडला आणि त्यांनी तो सोडला नाही.

"प्रभो, दया कर."

"इशारा-आ-आ! मालकाला दोनदा पैसे भरावे लागू शकता-आ-आ-त!"

"प्रभो, दया कर, दया कर, दया कर!"

पापा-फोतिसनी कागद बाजूला ठेवला आणि पुढच्या केकची चिठ्ठी उचलली. अख्ख्या चर्चमध्ये कुणाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. तीनशे नावं ऐकताना कोण ऐकतं? फक्त नोमिकीने मान वळवून जावयाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गाढवा," ती हलकेच म्हणाली. जावईबापूसुद्धा नाही. सरळ गाढवा.

त्या दिवसापासून थेमेलिसने तो विषय मनातूनच काढून टाकला. गायलेली नोटीस कुठल्या कायद्यात चालणार? वांडाला तो खोटं बोलला, म्हणजे खोटं नाही, "पोचलाय" एवढंच म्हणाला. निळ्याचा दुसरा हात मारला, घंटाघर पांढरं केलं, परांची उतरवली. घुमट असा झाला की बोटीवाले खाडीतून वळताना त्याच्याकडे बघून वेग कमी करायचे. थेमेलिस मात्र व्हॅनमधून त्या रस्त्याने जाताना दुसरीकडे बघायचा. व्हॅन अजून किती दिवस आपली हेही त्याला सांगता आलं नसतं.

सप्टेंबरात स्तामातिस परतले, आणि पुढच्याच रविवारी कॉफीच्या वेळी सभागृहाच्या दारात कोण, तर डेल. नवा शर्ट, दात तेच.

"बघ," सेवास्ती कुजबुजली, "संताने दाखवला."

"संताने दाखवला," नोमिकी म्हणाली, "आता पकडायचा कुणी?"

डेल शेवटचा हप्ता न्यायला आला होता. बरोबर शपथपत्र होतं, की सगळ्यांचे पैसे चुकते झाले. अध्यक्षांच्या हातात चेक होता. ते तो उन्हाकडे धरून बघत होते. कुठलाही चेक द्यायच्या आधी ते असा निरोप घेत.

"अह्हं. मी फक्त विचारतोय, डेल. सगळ्यांचे दिलेस ना?"

"एकूण एक, दोओओस्ता!" आणि मग त्याला थेमेलिस दिसला. डेल जराही डगमगला नाही. खिशातून एक कागद आणि पेन काढून तो थेट त्याच्याकडे आला, खांद्यावर हात टाकला. "दोस्ता, तुलाच शोधत होतो. इथे सही ठोक, पैसे मिळाले, काही हक्क राहिला नाही म्हणून. हा चेक वटला की उद्या सकाळी तुझा तुझ्या हातात. माझा शब्द."

थेमेलिसने टोपी काढली. टोपीत बघितलं.

"बाकी काय..." तो म्हणाला, आणि पेन हातात घेतलं.

खरंच घेतलं. आता तो शनिवारी हा भाग सांगतो तेव्हा इथे थांबतो आणि म्हणतो, "मला वाटलं, एवढा मोठा माणूस पेन पुढे करतोय, नाही कसं म्हणायचं? पेनसुद्धा चांगलं होतं." पेनाचं टोक कागदाला टेकलं तेवढ्यात नोमिकीची काठी त्याच्या मनगटावर अशी बसली की पेन उडून सरळ तिळाच्या कुकीजच्या ताटात.

"आधी पैसे, मग बुडी!" म्हातारी ओरडली. "तुझा आजा वरून बघतोय, मेल्या! बोल! तोंडाला टाका घातलाय का?"

सगळं सभागृह वळलं. तेच कप, तेच म्हातारे, तीच ताटं. थेमेलिसचे कान अंधारात वाचता येईल इतके पेटले. आणि मग, टोपीत न बघता, तो बोलला.

"अध्यक्ष, डेलने माझे पैसे दिलेले नाहीत. निम्म्याहून जास्त बाकी आहेत. आणि मी चर्चला नोटीस दिली आहे."

"नोटीस?" स्तामातिसचा चेक हवेतच थांबला. "तू तर शपथ घेतली होतीस. कुठे दिलीस?"

थेमेलिस टोपी चुरगाळत म्हणाला, "केकखाली."

"अह्हं. मी फक्त विचारतोय. कुठल्या केकखाली?"

"फानूरियोसच्या. सणाला. फादरच्या हातात दिली. म्हणजे केक दिला. त्यात होती. फादरनी ती गायली."

सभागृह हसून असं फुटलं की डेलसुद्धा हसायला लागला. सगळ्यात मोठ्याने तोच. "दोओओस्ता! केकखालची नोटीस! चर्चला कधी मिळाली, कुणी घेतली, काही पत्ता? द्या चेक, अध्यक्ष, मला उशीर होतोय."

"थांबा," बार्बा-मिकेस म्हणाला. म्हातारा कपाळाला आठ्या घालून आठवत होता. "लॉट सात. ब्लॉक सी. मी 'प्रभो, दया कर' म्हटलंय त्याला. मला वाटलं ब्लॉक हे कुणाच्या तरी अमेरिकन सुनेचं आडनाव."

"प्रायमर!" कुणीतरी बाई म्हणाली. "मी शेजारणीला म्हटलं, हे कसलं नाव ठेवलंय पोराचं."

"आणि शेवटी तीनदा म्हणायला लावलं," दुसरी म्हणाली, "पैसे दोनदा आणि दया तीनदा."

'दोनदा' हा शब्द ऐकताच स्तामातिसचा चेहरा उतरला. त्यांनी चेक छातीशी धरला. "पण मी नव्हतो! मी अध्यक्ष. मी कालिम्नोसला होतो. मालकातर्फे कागद घ्यायचा कुणी?"

पापा-फोतिस इतका वेळ शांतपणे कॉफीत पाव बुडवत होते. ते उठले, दाढी झटकली आणि सभागृहाच्या दाराकडे गेले. दारावर, काचेच्या आत, काम सुरू झाल्याचा जाहीर कागद जुलैपासून चिकटवलेला होता. रोज सगळे त्याच्यासमोरून जायचे. त्यांनी बोट ठेवून वाचलं, या वेळी सूर न लावता:

"मालकातर्फे नोटिसा स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती: फादर फोतिओस. स्तामातिस, हे तूच भरलंस. म्हणालास, मी गावी जातोय, सगळी टपालं फादरच्या गळ्यात टाका."

मग ते आत वेदीकडे गेले आणि परत आले तेव्हा हातात घडी घातलेला एक कागद होता, एका कोपऱ्यावर तेलाचा गोल डाग आणि त्यात चिकटलेला अर्धा बेदाणा. "चिठ्ठ्या मी चाळीस दिवस वेदीवर ठेवतो. ही घेतली मी, त्याच्याच हातून. कधी म्हणाल, तर संताच्या सणाला. सणाची तारीख तर डेललाही बदलता यायची नाही."

"पण केकखाली..." डेल म्हणाला.

"केक हातात होता, मुला," पापा-फोतिस म्हणाले.

स्तामातिसनी घसा खाकरला. कागद घेतला, ठळक ओळ वाचली, पुन्हा वाचली. मोटेलचा मालक माणूस. कायदा त्याला कळो न कळो, एकाच खोलीचं भाडं दोनदा भरणं म्हणजे काय हे पक्कं कळत होतं. त्यांनी चेकचे दोन तुकडे केले, तुकड्यांकडे दुःखाने पाहिलं आणि खिशातून चेकबुक काढलं.

"मी फक्त विचारतोय, थेमेलिस," ते म्हणाले. "एकूण बाकी किती? आणि दुकानाची धरून सांग, मला त्या बाईचा दुसरा कागद नको."

एक चेक थेमेलिसच्या नावाने फाटला, एक वांडाच्या दुकानाच्या, आणि उरलं ते डेलच्या. डेलने खांदे उडवले, तिळाची कुकी घेतली, कुकीच्या ताटातून पेनही घेतलं आणि पावतीवर सही केली. "दोओओस्ता," जाताजाता तो थेमेलिसला म्हणाला, "पुढच्या कामाला तुलाच बोलावतो." गंमत म्हणजे त्याने खरंच बोलावलं, आणि थेमेलिस "घरचे बरे ना" असं विचारून हो म्हणणारच होता, पण फोन नोमिकीने उचलला होता.

व्हॅन वाचली. मजुरी चुकती झाली. तो घुमटाकडे बघत त्या रस्त्याने जाऊ लागला. गावात मात्र त्याचं नाव बदललं. धक्क्यावर आता त्याला 'ब्लॉक सी' म्हणतात आणि तो ओ देतो. शनिवारी टोपीचा प्रयोग झाला की केकचा होतो. पापा-फोतिसचा 'सी-ई-ई' त्याला असा जमतो की एकदा बाहेरून जाणारे खुद्द पापा-फोतिस आपलीच पूजा चुकली की काय म्हणून घाईघाईने आत आले होते.

यंदा वसंतात पापा-फोतिसनी त्यांच्या स्वतःच्या घराचा व्हरांडा रंगवायला त्यालाच बोलावलं. मालकाशी थेट बोलणी, मध्ये कुणी डेल नाही. अशा कामाला ती नोटीस लागतच नाही, हे वांडाने त्याला शंभरदा सांगितलंय, राजा-राजा करून. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. थेमेलिसने शिडी लावली, पिंपाचं झाकण उघडलं, ब्रश बुडवला, आणि तसाच उभा राहिला. ब्रशावरून निळा थेंब थेंब बुटावर पडत होता. दुसरा हात खिशात, खिशात घडी घातलेला कागद, आणि कान हळूहळू लाल होत चाललेले.

"काय रे?" पापा-फोतिस आरामखुर्चीतून म्हणाले.

थेमेलिसने टोपी काढली. टोपीत बघितलं. "बाकी काय, फादर," तो म्हणाला, "घरचे सगळे..."

पापा-फोतिसनी हात पुढे केला.

"दे इकडे. या वेळी मनातल्या मनात वाचतो."